जाड टायरची सायकल घेताना: आधी जमीन, मग टायर, बाकी सगळं नंतर

फॅट बाईक समोर आली की नजर सगळ्यात आधी टायरवर जाते. खरेदीच्या वेळी मात्र चौकशी भलत्याच गोष्टींची होते: गिअर किती, पुढे शॉकअप आहे का, रंग कुठला मिळेल. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. या सायकलीत टायर हीच मुख्य वस्तू. चौकट, हब (चाकाचा मधला भाग), क्रँक (पेडलचा दांडा) हे सगळं त्या टायरला जागा करून द्यायला वेगळं बनवावं लागलं. म्हणून निवडतानाही आधी कुठे चालवणार ते ठरवायचं, त्यावरून टायर, टायरवरून रिम आणि चौकट, आणि उरलेल्या पैशांत बाकीचं. हा लेख हौसेने, सुट्टीच्या दिवशी रमतगमत फिरणाऱ्यांसाठी आहे. शर्यतीचा हिशेब वेगळा असतो, तो इथे घेतलेला नाही.

टायर एवढा जाड कशासाठी

तुमचं आणि सायकलीचं मिळून वजन ९० किलो धरू. हे वजन पेलते ती टायरमधली हवा. हवेचा दाब जितका कमी, तितका टायर दबतो आणि त्याचा जास्त भाग जमिनीला टेकतो. दाब ४० पीएसआय (दर चौरस इंचाला ४० पौंड) असेल तर दोन्ही चाकांचा मिळून साधारण ३२ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकेल. तोच दाब ८ पीएसआयवर आणला तर हा भाग १६० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे पाचपट. टायरच्या कडांचा ताठपणा यात धरलेला नाही, तरी अंदाज यायला एवढं पुरतं. वजन तेवढंच, पण पाचपट जागेवर पसरलेलं. म्हणून ही सायकल वाळूत आणि बर्फात कमी रुतते.

मग साध्या टायरमधली हवा कमी करून भागणार नाही का? नाही, कारण अरुंद टायर ८ पीएसआयवर चालवला तर पहिल्याच दगडावर रिम आपटेल. टायर रुंद असतो आणि त्याबरोबर उंचही असतो, म्हणून इतक्या कमी हवेतही रिम आणि दगड यांच्यात अंतर राहतं. जाडी आहे ती कमी हवा भरता यावी म्हणून. फॅट बाईक घेऊन त्यात कायम २५ पीएसआय ठासून भरणाऱ्याला तिचं वजन तेवढं मिळतं, फायदा मिळत नाही.

ही गोष्ट अलास्कातल्या बर्फावर सायकल चालवणाऱ्यांना उमगली. तिथे १९८७ पासून ‘इडिटाबाईक’ ही हिवाळी शर्यत सुरू झाली आणि बर्फात रुतणाऱ्या चाकांवर लोक आपापल्या परीने तोडगे काढू लागले. दोन रिम शेजारी शेजारी जोडून रुंद चाक बनवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. साधारण त्याच काळात न्यू मेक्सिकोच्या वाळूसाठीही रुंद रिम आणि टायर तयार होत होते. २००५ मध्ये सर्ली कंपनीने ‘पग्सली’ बाजारात आणली. ३.७ इंची टायर आणि ६५ मिलिमीटर रुंद रिम घेऊन आलेली ही सायकल कोणालाही दुकानातून विकत घेता येत होती. 

पहिली पायरी: तुमची जमीन कोणती

गेल्या काही महिन्यांत तुम्ही खरोखर कुठे सायकल चालवली आणि येत्या वर्षात कुठे चालवणार आहात, हे कागदावर लिहा. मनात असलेल्या एखाद्या लांबच्या सफरीला त्यात फार जागा देऊ नका. दर आठवड्याला जाणं होतं ती जमीन महत्त्वाची.

मऊ, सुटी वाळू, बर्फ, किंवा गोटे पसरलेलं कोरडं नदीपात्र यांवर फॅट बाईकला तोड नाही. इथे दुसरी सायकल हातात धरून चालावं लागतं. खडबडीत कच्चा रस्ता, मुरूम, दगडधोंड्यांची पायवाट असेल तर फॅट बाईक मजेत चालते, पण २.४ ते ३ इंची टायरची माउंटन बाईकही तेच काम हलकेपणाने करते. आणि तीन चतुर्थांश फिरणं डांबरी रस्त्यावर होत असेल तर स्पष्ट सांगतो, फॅट बाईक घेऊ नका. दमणूक जास्त, वेग कमी, टायर झिजणार आणि नवे टायर महाग पडणार. त्या पैशांत चांगल्या दर्जाची साधी माउंटन बाईक येते आणि ती जास्त वापरली जाते.

एक अपवाद मात्र मी मनापासून मानतो. काही जणांना वेगाशी काही देणंघेणं नसतं. खड्डे आणि खडी यांची धास्ती न बाळगता निवांत फिरायचं असतं, सायकल स्थिर वाटायला हवी असते. बऱ्याच वर्षांनी पुन्हा सायकलवर बसणाऱ्यांना या रुंद टायरमुळे जो धीर येतो, तो खरा असतो. तेवढ्यासाठी फॅट बाईक घेतली तरी ती योग्यच निवड आहे.

दुसरी पायरी: टायर आणि रिम

साधारण ३.८ इंचापासून पुढच्या टायरला फॅट म्हणतात आणि ही मजल ५ इंचांपर्यंत जाते. हौशी फिरण्यासाठी ४ इंची टायर बहुतेकांना पुरतो. ४.५ ते ५ इंची टायर खोल, मोकळ्या बर्फासाठी किंवा सुट्या वाळूच्या टेकड्यांसाठी. तिथे जाणं क्वचितच असेल तर उगाच ते वजन ओढत बसू नका. एकेक टायर साधारण १.२ ते १.८ किलोचा असतो. चाकाच्या परिघावरचं हे वजन दर वेळी सायकल थांबवून पुन्हा वेग घेताना जाणवतं.

टायरच्या कडेवर दोन गोष्टी वाचा. एक माप, उदाहरणार्थ २६ बाय ४.०. रिम २६ इंची असली तरी एवढा उंच टायर चढवल्यावर चाकाचा बाहेरचा व्यास साध्या २९ इंची चाकाच्या जवळपास पोचतो, त्यामुळे २६ आकडा पाहून चाक लहान आहे असं समजू नका. हल्ली २७.५ इंची रिमवरचे जाड टायरही मिळतात. ते अडथळ्यांवरून जरा सहज जातात, पण २६ इंचीत टायरची निवड जास्त आहे. दुसरी गोष्ट टीपीआय, म्हणजे टायरच्या कापडात दर इंचाला किती धागे आहेत ते. २७ किंवा ३० टीपीआयचा टायर ताठ असतो. ६० किंवा १२० टीपीआयचा टायर लवचीक असतो आणि कमी हवेत जमिनीच्या उंचसखलपणाशी चांगलं जुळवून घेतो. मला विचाराल तर महागड्या गिअरपेक्षा हा फरक सायकल चालवताना जास्त कळतो. १२० टीपीआयच्या कडा पातळ असल्याने टोकदार दगडांच्या वाटेवर मात्र ६० टीपीआय बरा.

नक्षीचं म्हणाल तर वाळूसाठी उथळ गुठळ्यांचा टायर चालतो, चिखल आणि बर्फासाठी खोल आणि विरळ गुठळ्यांचा. गुळगुळीत बर्फाच्या काचेसारख्या थरावर धातूचे खिळे बसवलेला टायरच लागतो; तिथे नुसत्या जाडीने पकड येत नाही.

रिमची रुंदी ६५ ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान असते. ४ इंची टायरला ६५ ते ८० मिलिमीटर रिम छान जमते. फार रुंद रिमवर टायर चपटा होतो, तरंगतो चांगला, पण वळणावर जड वाटतो. बऱ्याच रिमना वजन कमी करण्यासाठी मोठी भोकं पाडलेली असतात आणि त्यांतून आतली रंगीत पट्टी दिसते. ती पट्टी फुगून बाहेर आलेली, विटलेली किंवा एका बाजूला सरकलेली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहा. रिम ट्यूबलेस होण्याजोगी असेल तर तो मोठा फायदा. जाड टायरची ट्यूब चारपाचशे ग्रॅमची असते, ते वजन जवळजवळ वाचतं, आणि काट्यांनी होणारी बारीक पंक्चर आतल्या द्रवाने आपोआप बुजतात.

तिसरी पायरी: चौकटीत जागा किती

दुकानात खाली बसा आणि मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या नळ्या सगळ्यात जवळ येतात तिथे, करंगळी घालून पाहा. ती सहज गेली पाहिजे. चिखल किंवा बर्फ अडकायला एवढी जागा लागते. मग साखळी सगळ्यात मोठ्या मागच्या चक्रावर घ्या आणि वरून बघा: साखळी आणि टायर यांच्यात फट दिसते का? स्वस्त सायकलींत इथेच टायर घासतो.

पुढेमागे रुंद टायर घालायचा विचार असेल तर मागच्या हबची रुंदी विचारा. साधारणपणे १७० किंवा १७७ मिलिमीटरची चौकट ४ इंची टायरसाठी असते, १९० किंवा १९७ मिलिमीटरची ५ इंचांपर्यंतच्या टायरसाठी. प्रत्येक जोडीतला मोठा आकडा आरपार धुरा असलेल्या हबचा. ही धुरा चाक घट्ट धरते आणि चाक काढूनघालून डिस्क ब्रेक घासायला लागण्याचा त्रास कमी होतो. विक्रेत्याला हे आकडे सांगता येत नसतील तर टेप लावून मोजा. एखादं अगदीच वेगळं माप निघालं तर पुढे सुटं चाक किंवा हब मिळवताना फार हिंडावं लागेल.

चौकट अॅल्युमिनियमची असेल तर पूर्ण सायकल साधारण १४ ते १६ किलो भरते. साध्या जड पोलादाची असेल तर १८ ते २० किलो. दुकानात सायकल उचलून पाहाच. जिन्यावरून रोज वरखाली न्यावी लागणार असेल तर हा निर्णय तिथल्या तिथे होतो.

चौथी पायरी: अंगाला बसते का

चौकटीच्या वर दोन्ही पाय टेकवून उभे राहा. वरची नळी आणि तुमच्यामध्ये निदान पाच सेंटिमीटर मोकळे हवेत, वाळूत अचानक पाय टेकावा लागतो म्हणून जास्तच बरे. हँडल धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहायला हवेत.

यानंतरची बाब फॅट बाईकपुरतीच आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. रुंद टायर आणि साखळी मावावी म्हणून पेडलमधल्या धुऱ्याचा भाग साध्या माउंटन बाईकच्या ६८ किंवा ७३ मिलिमीटरऐवजी १०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतो. त्यामुळे दोन्ही पाय एकमेकांपासून लांब पडतात. साध्या माउंटन बाईकवर दोन क्रँकमधलं हे अंतर साधारण १७० ते १८० मिलिमीटर असतं, फॅट बाईकवर २०० च्या पुढे. अनेकांना याचं काहीच वाटत नाही. ज्यांची उंची कमी आहे किंवा ज्यांचे गुडघे, खुबे आधीच दुखरे आहेत, त्यांनी पाच मिनिटांची फेरी मारून निर्णय घेऊ नये. निदान अर्धा तास चालवा, कुणाची तरी मागून घ्या, भाड्याने मिळत असेल तर भाड्याने घ्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ताण जाणवला तर अरुंद टायरची सायकल पाहा.

पाचवी पायरी: गिअर, ब्रेक, शॉकअप

गिअरची संख्या विसरा, सगळ्यात हलका गिअर पाहा. पुढचं चक्र ३० दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं ४२ दात्यांचं असेल तर पेडलच्या एका फेरीत चाक पाऊण फेरीहून थोडं कमी फिरतं. वाळूत आणि चढावर हेच लागतं. पुढे एकच चक्र आणि मागे नऊ-दहा, ही रचना फॅट बाईकला सगळ्यात सोयीची. टायरजवळची गर्दी कमी होते आणि बिघडायला एक यंत्रणा कमी.

मागे कॅसेट (हबवर सरकवून बसवलेला चक्रांचा संच) आहे की जुन्या पद्धतीचं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील, हे जरूर तपासा. पेडल उलटं फिरवा आणि मागच्या सगळ्यात लहान चक्राच्या आतली दातेरी कडी बघा. ती चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट. जागेवर राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचा धुऱ्याचा बराच भाग आधाराशिवाय राहतो. फॅट बाईकचा हब मुळातच रुंद, त्यात जड सायकल आणि खडबडीत वाट, मग धुरा वाकण्याची शक्यता वाढते.

ब्रेक डिस्कचेच असतात. तारेचे असतील तर चालवता येतील, फक्त तार वेळोवेळी ताणावी लागेल. तेलाचे असतील तर एका बोटाने थांबता येतं. उतार लांब असतील किंवा तुमचं वजन जास्त असेल तर तेलाचेच घ्या आणि पुढची डिस्क १८० मिलिमीटरची असू द्या.

शॉकअपबद्दल माझं मत ठाम आहे: मर्यादित पैशांत साधा, न दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) घ्या. कमी हवेचा टायर बारीक धक्के स्वतःच गिळतो. स्वस्त शॉकअप फोर्क दोन-तीन किलो वजन वाढवतो, वाळू आत गेली की खरखरतो आणि हवं तेव्हा दबत नाही. टायरची एक मर्यादा मात्र खरी: तो दबतो तसाच उसळतो, उसळी जिरवायची सोय त्याच्यात नाही. वेगाने दगडी उतार उतरायचे असतील तर फॅट बाईकसाठीच बनवलेला चांगला शॉकअप लागतो. असे फोर्क २०१४ मध्ये रॉकशॉक्सने ‘ब्लूटो’ आणल्यापासून सहज मिळू लागले, पण ते स्वस्त नाहीत. मागेही स्प्रिंग असलेली स्वस्त फॅट बाईक कुणी दाखवली तर पुढे चला.

सहावी पायरी: चालवून बघणं

दुकानातल्या फॅट बाईकमध्ये बहुधा हवा खच्चून भरलेली असते. तशीच चालवलीत तर ती चेंडूसारखी उडेल आणि तुमचं मत उगाच वाईट होईल. विक्रेत्याला सांगून दाब १० पीएसआयच्या आसपास आणायला लावा. नकार मिळाला तर दुसरं दुकान बघा, कारण या सायकलीची परीक्षा दुसऱ्या कुठल्या मार्गाने होत नाही.

आधी सपाट, कडक जमिनीवर हळू चालवत इंग्रजी आठचा आकडा काढा. कमी हवेत हँडल आपणहून वळणात ओढलं जातंय किंवा सरळ व्हायला नाखूश आहे, असं वाटू शकतं. थोडंसं ओढणं साहजिक आहे, दोन पीएसआय वाढवले की कमी होतं. हवा वाढवूनही हँडलशी झटापट करावी लागत असेल तर त्या टायरची गोलाई तुमच्या वाटेला योग्य नाही. मग गवत, माती, खडी जे जवळ असेल त्यावर जा. सगळ्यात हलका गिअर टाकून, उभं राहून जोर लावा आणि कान द्या: टायर कुठे घासतोय का, साखळी उडी मारतेय का. शेवटी उतरून सायकल ढकलत न्या. वाळूत कधी ना कधी ढकलावी लागतेच.

वापरलेली घेत असाल तर

हौसेने घेऊन कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या फॅट बाईक पुष्कळ असतात, आणि त्यांतून चांगला सौदा मिळू शकतो. ती समुद्रावर चालवलेली होती का, हे आधी विचारा. खाऱ्या पाण्याचा माग स्पोकच्या मुळाशी, ब्रेकच्या स्क्रूंवर आणि साखळीच्या कड्यांत दिसतो. चाक उचलून फिरवा, धुरा बोटांत धरून हबमधली खरखर जाणवते का बघा. क्रँक आडवा हलवून पाहा. टायरच्या कडांवर बारीक भेगा असतील तर नव्या टायरची जोडी किमतीत धरूनच बोला.

बॅटरीवर चालणाऱ्या फॅट बाईकचं वजन बऱ्याचदा २५ ते ३५ किलो असतं आणि त्यांचे नियम ठिकाणागणिक बदलतात. तुमच्या वाटेवर त्यांना परवानगी आहे का, हे आधी पाहून घ्या.

घरी आणल्यावर: हवा जुळवणं

सायकलीबरोबर कमी दाब मोजणारं मीटर घ्याच. साध्या पंपाचा काटा १० पीएसआयच्या खाली भरवशाचा नसतो, आणि ८ वरून ७ म्हणजे दाब आठव्या हिश्श्याने कमी. पंपही एका फटक्यात जास्त हवा देणारा हवा. छोट्या खिशातल्या पंपाने हा टायर भरताना हात भरून येतात.

७० ते ८० किलोच्या माणसाने ४ इंची टायरसाठी कच्च्या वाटेवर पुढे ९, मागे १० पीएसआयपासून सुरुवात करावी. सायकल उडत असेल तर दोन्हीकडे अर्धा-एक पीएसआय काढा. वळणावर टायर लडबडत असेल किंवा दगडावर रिम वाजली तर तेवढाच वाढवा. सुट्या वाळूसाठी ५ ते ७ पर्यंत उतरा. सीटवर बसल्यावर मागच्या टायरच्या कडेवर बारीक सुरकुत्या पडताना दिसल्या की आपण योग्य जागी आलो. मऊ बर्फात याहूनही खाली जातात. डांबरावर परतताना १५ ते २० पर्यंत भरून घ्या, नाहीतर टायर लवकर झिजतो आणि घरी पोचेपर्यंत मांड्या भरून येतात.

ट्यूब असेल तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर व्हॉल्व्हकडे नजर टाका. तो रिममधून सरळ बाहेर न येता तिरका झालेला दिसला तर टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला ओढतोय. हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्ह सरळ करा आणि एक पीएसआय जास्त ठेवा. तसंच चालवलं तर ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते.

बर्फावरच्या राखलेल्या वाटांवर अनेक ठिकाणी टायरची किमान रुंदी आणि हवेची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. ती पाळा, आणि मागे खोल चर उमटत असेल तर त्या दिवशी परत फिरा. वाळूच्या टेकड्यांवर जिथे झाडोरा धरलेला असतो तिथून सायकल नेऊ नका. त्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली असते.

समुद्रावरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सायकल धुवा. पाण्याचा जोराचा फवारा हब आणि क्रँकच्या सांध्यांवर मारू नका, बादली आणि फडकं पुरे. मग साखळी पुसून कोरडी करा, तेल द्या, जास्तीचं तेल पुसून टाका. तेलकट साखळीला पुढच्या फेरीत वाळू चिकटते.